दक्षिण ध्रुवाजवळचे 'भारतीय' पान

१२ नोव्हेंबर १९१२ चा दिवस. अंटार्क्टिकाच्या बर्फाळ मैदानावर शोधपथकाला एक तंबू दिसला. बराचसा बर्फाखाली गाडला गेलेला. आत तीन मृतदेह होते. कॅप्टन रॉबर्ट स्कॉट, डॉक्टर एडवर्ड विल्सन आणि हेन्री बॉवर्स. १७ जानेवारीला त्यांनी दक्षिण ध्रुव गाठला होता, पण नॉर्वेचा आमुंडसेन महिनाभर आधीच तिथे जाऊन आला होता. हार पत्करून परतताना पाच जणांपैकी दोघे वाटेत गेले, आणि उरलेले तिघे मार्चअखेर या तंबूत. अन्नाचा मोठा साठा तिथून जेमतेम अठरा किलोमीटरवर होता.

तंबूबाहेरच्या घसरगाडीवर शोधपथकाला आणखी एक गोष्ट सापडली. सुमारे सोळा किलो दगड! उपासमार, हिमदंश आणि थकवा यांनी पावले उचलत नव्हती, तरीही या माणसांनी तो भार शेवटपर्यंत ओढत आणला होता. त्यावर पुष्कळ टीकाही झाली. प्राणांवर बेतलेले असताना दगड कसले वाहता, असे म्हणणे घरी बसून सोपे असते. पण विल्सन यांना आपण काय गोळा केले आहे याची चांगली कल्पना होती. ८ फेब्रुवारीला बिअर्डमोर हिमनदीच्या माथ्याशी, माउंट बकलीच्या पायथ्याला, त्यांना कोळशाचे थर आणि त्यांत पानांचे ठसे दिसले होते. जिथे आज गवताची काडी उगवत नाही तिथे एके काळी झाडे होती, याचा पुरावाच त्या दगडांत होता.

दगड इंग्लंडला पोचले. केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सीवर्ड यांनी त्यांची तपासणी करून १९१४ मध्ये अहवाल दिला. पानांची ओळख पटली होती. नाव होते 'ग्लॉसोप्टेरिस इंडिका'.

इंडिका! म्हणजे भारताची. दक्षिण ध्रुवापासून पाचसहाशे किलोमीटरवरच्या दगडात सापडलेले पान शास्त्रज्ञांनी आधीच ओळखले होते, कारण तेच पान बंगालच्या राणीगंजमध्ये आणि आपल्या नागपूरजवळच्या कामठीच्या खडकात त्यापूर्वी कितीतरी वर्षे सापडत आले होते.

नागपूरचे पाद्री आणि कामठीचा दगड

या पानाला 'ग्लॉसोप्टेरिस' हे नाव फ्रान्सच्या अडॉल्फ ब्राँन्यार यांनी १८२८ मध्ये दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'जिभेसारखे नेचे'. पान खरोखरच जिभेच्या आकाराचे. मधोमध ठसठशीत शीर आणि तिच्या दोन्ही बाजूंना नाजूक जाळी. दगडावरचा ठसा पाहिला तर पुस्तकात जपून ठेवलेले पिंपळपान आठवावे, इतका स्पष्ट असतो. मात्र ब्राँन्यार यांना वाटले तसे हे नेचे नव्हते. ते बी धरणारे झाड होते. दक्षिण आफ्रिकेच्या एडना प्लमस्टेड या विदुषीने १९५२ मध्ये पानांना चिकटलेल्या फलांगांचे वर्णन केले, तेव्हा हा गैरसमज कायमचा दूर झाला. झाडे दरवर्षी पाने गाळीत असत. म्हणूनच काही खडकांत पानांवर पाने पसरून त्यांची जणू सतरंजी झालेली दिसते.

नागपूरच्या बाजूने हा शोध पुढे नेणारे गृहस्थ म्हणजे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप. १८४५ पासून ते नागपुरात होते. धर्मप्रचार आणि शाळा हे त्यांचे काम, पण फावल्या वेळात हातोडी घेऊन ते टेकड्या आणि दगडखाणी पालथ्या घालीत. कामठी परिसरातल्या वालुकाश्मांतून त्यांनी जमवलेल्या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन चार्ल्स बनबरी यांनी १८६१ मध्ये लंडनला प्रसिद्ध केले. त्यांत ग्लॉसोप्टेरिस होतेच. पुढे दोनच वर्षांनी, १८६३ मध्ये, टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात सापडून बुडाले. नागपूरचे हिस्लॉप कॉलेज त्यांच्या नावाने आहे. पण त्यांचे पान पार दक्षिण ध्रुवाच्या वाटेवर भेटणार आहे, हे पाहायला ते उरले नाहीत.

या सगळ्या खडकांचा काळ एकच आहे. त्याला भूशास्त्रात 'पर्मियन' म्हणतात. सुमारे २९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वी तो सुरू झाला आणि २५ कोटी १९ लाख वर्षांपूर्वी संपला. डायनोसॉर अजून जन्माला यायचे होते, फुले नव्हती, गवत नव्हते, पक्षी नव्हते आणि हिमालय तर नव्हताच. आपल्या घरातला दिवा मात्र बहुधा त्या काळाच्या जिवावर जळतो. भारतातल्या वीजनिर्मितीचा मोठा वाटा कोळशाचा आणि आपला जवळजवळ सगळा दगडी कोळसा पर्मियन काळातला. २०२४-२५ या वर्षात देशाने शंभर कोटी टनांहून अधिक कोळसा काढला.

चंद्रपूरला बर्फ?

कोळशाची गोष्ट सांगण्याआधी त्याच्या खालच्या थराची गोष्ट सांगायला हवी, कारण ती जास्त अजब आहे.

१८५६ मध्ये विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे भाऊ आणि त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड ओडिशातल्या तालचेरच्या कोळसाक्षेत्राची पाहणी करीत होते. ईस्ट इंडिया कंपनीला कोळसा हवा होता, त्यासाठीच भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ मध्ये उभे राहिले होते. तालचेरला कोळशाच्या थरांखाली त्यांना एक चमत्कारिक खडक दिसला. मऊ, बारीक, हिरवट चिखलाचा थर आणि त्यात मध्येच डोक्याएवढे, कधी माणसाएवढे धोंडे! नदीने आणले म्हणावे, तर जी नदी एवढा धोंडा लोटते ती बारीक चिखल साठू देत नाही. तो केव्हाच वाहून जातो. आणि जिथे चिखल निवांत साठतो तिथे धोंडा आणणार कोण? त्यांनी उत्तर दिले, बर्फाने. हिमनदी ही एकच वाहतूकदार अशी आहे, जी पिठाएवढे कण आणि पहाडाएवढे धोंडे एकाच गोणीत भरते आणि वितळली की दोन्ही एकाच जागी टाकून देते.

ओडिशाच्या उन्हाळ्यात बसून बर्फाची भाषा करणे म्हणजे धाडसच होते. पुष्कळांनी ते मानले नाही. मग निर्णायक पुरावा मिळाला तो आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात.

चंद्रपूरच्या पश्चिमेला, पैनगंगेच्या खोऱ्यात इरई नावाच्या गावाजवळ फ्रान्सिस फेडन या भूवैज्ञानिकाला या धोंडेरी थराखालचा जुना चुनखडक उघडा पडलेला दिसला. त्याचा पृष्ठभाग घासूनपुसून गुळगुळीत झालेला होता आणि त्यावर एकाच दिशेने गेलेल्या समांतर रेघा आणि खाचा होत्या. १८७५ मध्ये त्यांनी याची हकिकत प्रसिद्ध केली. पाट्यावर वरवंटा फिरवताना मध्ये एखादा खडा आला, तर पाट्यावर ओरखडा उठतो. शेकडो मीटर जाडीचा बर्फाचा वरवंटा तळाशी अडकलेले दगड घेऊन हळूहळू सरकला, तर खालच्या खडकावर असेच ओरखडे उठणार. वरचे धोंडेही एका अंगाने चपटे झालेले आणि ओरखडलेले होते. वरवंटाही झिजतोच की!

ज्या चंद्रपूरचा उन्हाळा आज देशातल्या सर्वांत तापदायक उन्हाळ्यांत मोडतो, तिथे पर्मियनच्या आरंभाला हिमनद्या सरकत होत्या. वर्तमानपत्रात दर मे महिन्यात चंद्रपूरचे तापमान वाचताना हे आठवले की मौज वाटते.

पुढे असेच धोंडेरी थर दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण अमेरिकेतही आढळले. काहींची सुरुवात पर्मियनच्याही आधीची. त्यांच्यावर बहुतेक सगळीकडे ग्लॉसोप्टेरिसची पाने आणि कोळसा. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना विखुरलेल्या आणि मध्ये महासागर असलेल्या या प्रदेशांवर एकाच वेळी हिमयुग कसे येईल? आणि त्याच वेळी युरोप-अमेरिकेत वाळवंटे आणि दलदलीची जंगले कशी असतील?

एडुआर्ड झ्यूस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८८५ मध्ये या सगळ्या प्रदेशांची मिळून एक प्राचीन भूमी कल्पिली आणि तिला नाव दिले 'गोंडवानालँड'. हे नाव आपल्याच मातीतले. हेन्री मेडलिकॉट यांनी मध्य भारतातल्या या खडकसमूहाला गोंड राजांच्या प्रदेशावरून 'गोंडवाना' म्हटले होते आणि झ्यूस यांनी ते उचलले. चांदा म्हणजे आजचे चंद्रपूर, ही गोंड राजांची राजधानी. तिथल्या एका राजवंशाच्या नावाने आज आफ्रिका, दक्षिण अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका यांची एकत्र ओळख सांगितली जाते, आणि आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक असते?

झ्यूस यांची कल्पना होती, की मधली जमीन समुद्रात बुडाली. जर्मनीच्या आल्फ्रेड वेगेनर यांनी १९१२ च्या जानेवारीत, म्हणजे स्कॉट ध्रुवावर पोचले त्याच महिन्यात, निराळेच उत्तर मांडले. जमीन बुडाली नाही, खंडेच सरकली. एके काळी ती एकत्र होती. हिमयुगाचे थर आणि ग्लॉसोप्टेरिस ही त्यांची मोठी साक्ष. बहुतेक भूवैज्ञानिकांनी त्यांची टिंगल केली. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात मरण पावले. सागरतळाच्या अभ्यासाने त्यांचे म्हणणे खरे ठरायला पुढची तीस-चाळीस वर्षे जावी लागली. आज आपण जाणतो, की पर्मियनमध्ये भारत दक्षिण ध्रुवाच्या बाजूला, अंटार्क्टिका आणि आफ्रिका यांच्या मध्ये, बेचक्यात बसल्यासारखा होता. बर्फ चंद्रपूरला आला नव्हता, चंद्रपूरच बर्फाच्या प्रदेशात होते.

दलदल, पाने आणि राख

पुढे हवा उबदार होत गेली. बर्फ वितळला आणि समुद्राची पातळी वाढली. छत्तीसगडमध्ये मनेंद्रगडजवळ हसदेव नदीच्या पात्रात समुद्री शिंपल्यांचे जीवाश्म असलेला थर १९५४ मध्ये सापडला. आजच्या किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत! मध्य प्रदेशातल्या उमरियालाही असाच थर आहे. म्हणजे समुद्राचे एखादे बोट थेट मध्य भारतापर्यंत शिरले होते. ते फार काळ राहिले नाही.

मग जमिनीला लांबच लांब भेगा पडून भूभाग खचत गेला. दामोदर, सोन-महानदी, वर्धा-गोदावरी ही आजची नदीखोरी त्याच खचलेल्या पट्ट्यांवर आहेत. खचणाऱ्या जमिनीत पाणी तुंबले, दलदल झाली आणि तिच्यात ग्लॉसोप्टेरिसची जंगले वाढली. पाने आणि खोडे पाण्यात पडली. हवा न मिळाल्याने ती नीट कुजली नाहीत. वर गाळ येत राहिला, जमीन खचत राहिली. एक मीटर कोळसा व्हायला अशा वनस्पतींचा कितीतरी मीटर जाडीचा लगदा दाबला जावा लागतो. सिंगरौलीतला झिंगुर्दा थर १३० मीटरहून जाड आहे. कुतुबमिनार ७२ मीटरचा, यावरून पाहा! वर्धा खोऱ्यात बल्लारपूर, घुग्घुस, माजरी, वणी इथल्या खाणींतून निघतो तो याच जंगलांचा कोळसा. पश्चिमेकडे हे थर सह्याद्रीच्या जातीच्या काळ्या फत्तराखाली दडलेले आहेत.

आपल्या कोळशाचा एक दोष सर्वांना परिचित आहे, तो म्हणजे राख. आपल्या कोळशात ती बहुधा ३० ते ४५ टक्के असते. वीजकेंद्राभोवतीच्या गावांत वाळत घातलेल्या कपड्यांवर राखाडी थर बसतो. तिथल्या गृहिणीला पर्मियनची ओळख कोणी करून द्यायला नको. दोष खाणकामगारांचा नाही आणि कारखान्याचाही पूर्ण नाही. आपल्या दलदलींत पाने साचत असताना नद्या बारीक माती सतत आणून टाकीत होत्या. ती पानांच्या लगद्यात मिसळली आणि कोळशाबरोबर दगड झाली. भट्टीत पाने जळतात, माती राहते. चंद्रपूरचे वीजकेंद्र २,९२० मेगावॉट क्षमतेचे आहे. तिथल्या धुराड्यांखाली जमणारी राख म्हणजे पर्मियन नद्यांचा गाळ आहे, हे कारण कळले म्हणून त्रास कमी होत नाही, पण निदान कशाशी गाठ आहे ते कळते. झरियाला तर १९१६ साली खाणीत लागलेली आग पसरत गेली, आणि वस्त्यांच्या खाली धुमसणारा कोळसा तिथल्या कुटुंबांना पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागला.

नाव रशियाचे, मीठ जर्मनीचे

या कालखंडाला 'पर्मियन' हे नाव मात्र ना भारतावरून पडले ना बर्फावरून. स्कॉटलंडचे रॉडरिक मर्चिसन १८४० आणि १८४१ मध्ये रशियात फिरले. झार निकोलस पहिला याचा पाठिंबा असल्याने उरल पर्वतापर्यंत घोडागाडीने हजारो किलोमीटर हिंडता आले. उरलच्या पश्चिमेला पर्म शहराच्या भोवती तांबूस वालुकाश्म, मार्ल, चुनखडक आणि तांब्याच्या खनिजाचे विस्तीर्ण थर होते. खाली कोळशाच्या युगाचे खडक, म्हणजे हे त्यानंतरचे. १८४१ मध्ये त्यांनी नव्या कालखंडाला पर्मचे नाव दिले.

जर्मन खाणकामगारांना हे थर शेकडो वर्षे ठाऊक होते. त्यांनी त्यांना आपल्या भाषेत साधी नावे दिलेली होती. मान्सफेल्ड भागात तांबे देणारा काळा शेल हातभर जाडीचा, कुठे कुठे त्याहून पातळ. त्याखाली लाल खडक. लाल दिसला की तांबे संपले, म्हणून तो 'लाल बूड'. एवढ्या पातळ थरातून तांबे काढायचे म्हणजे माणसाला कुशीवर पडून मान वाकडी करून काम करावे लागे. ख्रिस्ती धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांचे वडील याच मान्सफेल्डला तांब्याच्या धंद्यात होते. तिथली खाण ११९९ ते १९९० अशी जवळजवळ आठशे वर्षे चालली.

त्या तांब्याच्या थरावर समुद्र आला आणि आटला, पुन्हा आला आणि पुन्हा आटला. कोकणात आगरात खाडीचे पाणी कोंडून मीठ पिकवतात ना? तेच निसर्गाने उत्तर युरोपभर केले. इंग्लंडपासून पोलंडपर्यंत पसरलेल्या या उथळ समुद्राचे पाणी कोरड्या हवेत आटून मिठाचे थर साचले. काही ठिकाणी एक किलोमीटरहून जाड! समुद्र अगदी शेवटच्या थेंबापर्यंत आटला की साध्या मिठानंतर पोटॅशचे क्षार खाली बसतात. जर्मनीतल्या श्टासफुर्टला १८६१ मध्ये त्यापासून पोटॅश खताचा कारखाना सुरू झाला आणि जगाच्या शेतीला एक नवे खत मिळाले. खतांच्या गोणीवर नत्र, स्फुरद, पालाश असे तीन आकडे असतात. त्यांतला पालाश आधी या पर्मियन समुद्रातून आला. (आपले सैंधव मीठ मात्र पर्मियनचे नाही. पाकिस्तानातल्या खेवड्याचे ते मीठ त्याहून कितीतरी जुने, पन्नास कोटी वर्षांपलीकडचे आहे. त्याच डोंगररांगेत पर्मियनचे चुनखडक आहेत, म्हणून गफलत होते.)

मिठाचा आणखी एक गुण असा, की ते वायूला वर जाऊ देत नाही. नेदरलँड्समध्ये ग्रोनिंगेनला १९५९ मध्ये वायूचे प्रचंड क्षेत्र सापडले. वायू साठला होता पर्मियन वाळवंटाच्या वाळूत, आणि झाकण होते पर्मियन मिठाचे. साठ वर्षे डच घरांतल्या शेगड्या त्यावर पेटल्या. पण वायू निघाला तसा खालचा खडक दबत गेला, भूकंप होऊ लागले. २०१२ चा धक्का ३.६ क्षमतेचा होता. हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. अखेर ऑक्टोबर २०२३ मध्ये उत्पादन थांबवून पुढच्या वर्षी कायद्याने हे क्षेत्र कायमचे बंद झाले. जमिनीखाली वायू अजून शिल्लक असताना!

अमेरिकेत टेक्सासच्या पश्चिमेला पर्मियन समुद्राभोवती स्पंज आणि शैवाल यांनी प्रचंड भित्ती उभारली. तिचा उघडा पडलेला भाग म्हणजे ग्वादालूप पर्वत, २,६६७ मीटर उंचीचा. त्याच समुद्राच्या गाळात तेल आहे. १९२३ मध्ये सांता रिटा क्रमांक एक या विहिरीला तेल लागले. अशक्य गोष्टींची पाठराखीण मानल्या जाणाऱ्या संत रिटाचे नाव विहिरीला देण्यात आले होते, यावरून खोदणाऱ्यांना किती आशा होती ते दिसतेच. आज अमेरिकेच्या तेलातला ४० टक्क्यांहून अधिक वाटा या एका क्षेत्राचा आहे.

एवढा मोठा ठेवा देणारा हा काळ संपला तो मात्र भयंकर रीतीने.

साठ हजार वर्षे

चीनच्या झेजियांग प्रांतात मेईशान इथे एका जुन्या दगडखाणीच्या भिंतीत पर्मियनचा शेवट हाताने दाखवता येतो. चुनखडकात जीवाश्मांची रेलचेल, मग काही सेंटिमीटरचा ज्वालामुखीच्या राखेपासून झालेला मातीचा थर आणि त्यानंतर जवळजवळ शुकशुकाट. राखेतल्या झिरकॉन खड्यांतल्या युरेनियमवरून त्याचे वय काढले आहे. २५ कोटी १९ लाख ४० हजार वर्षे, आणि त्यात चूक असली तर सुमारे ३७ हजार वर्षांची. सागरी जीवजातींपैकी बहुतेक, काही अंदाजांप्रमाणे दहांतल्या नऊ, इथे संपल्या. सत्तावीस कोटी वर्षे टिकलेले ट्रायलोबाइट नाहीसे झाले. २०१४ च्या अभ्यासानुसार हे सगळे साठ हजार वर्षांच्या आसपास घडले. भूशास्त्राच्या घड्याळात हा डोळ्यांचे पाते लवण्याइतका वेळ. डायनोसॉरांच्या अंतापेक्षाही हा नाश मोठा होता, पण चित्रपट निघतात ते डायनोसॉरांवर.

गुन्हेगार सापडला आहे सायबेरियात. तिथे भेगांतून वाहिलेल्या लाव्हाने लाखो चौरस किलोमीटरचा प्रदेश झाकला. खडक आपल्या ओळखीचा आहे, सह्याद्रीतल्या पायऱ्यापायऱ्यांच्या काळ्या फत्तराचाच हा मोठा भाऊ. दख्खनचा लाव्हा त्यानंतर साडेअठरा कोटी वर्षांनी आला. पण सायबेरियात लाव्हाने एक जास्तीचे संकट ओढवले. वर येताना तो कोळसा, चुनखडक आणि मिठाच्या थरांमध्ये घुसला आणि ते भाजून काढले. कॅनडाच्या उत्तरेकडील खडकांत २०११ मध्ये जळक्या कोळशाच्या राखेसारखे कण ओळखले गेले आणि २०२० मध्ये सायबेरियाच्याच ज्वालामुखी खडकांत जळलेल्या लाकडाचे आणि कोळशाचे तुकडे वर्णिले गेले. हवेत कार्बन डायऑक्साइड साठला. विषुववृत्ताजवळच्या समुद्राचे पाणी ३५ अंशांपलीकडे, काही काळ ४० अंशांपर्यंत तापले. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून तळाचे जीव गुदमरले. पाणी आम्ल झाले, म्हणून शिंपले आणि प्रवाळ यांना कवच करणे जड गेले.

आज आपण कोळसा जाळतो तेव्हा होते तेच रसायन त्या वेळी झाले. प्रमाणाचा फरक आहे. सायबेरियाने एकूण वायू सोडला तो आपल्या आजवरच्या धुरापेक्षा कितीतरी जास्त. पण त्याला हजारो वर्षे लागली. वर्षाला किती, असे विचारले तर आपला वेग अधिक आहे, असे या विषयाचे अनेक अभ्यासक मांडतात. भूशास्त्राचा विद्यार्थी कोळशाला शिव्या देऊ शकत नाही, त्याचे शास्त्रच कोळशाच्या शोधापायी वाढले. परंतु या आकड्याकडे दुर्लक्ष करणेही त्याला शक्य नाही.

हीच सीमारेषा आपल्या काश्मीरमध्येही आहे. श्रीनगरजवळ खुनमोह गावाशी गुरयूल घळ आहे. तिथे पर्मियन आणि त्यानंतरचा ट्रायासिक हे थर एकावर एक उघडे पडले आहेत, आणि ते मेईशानपेक्षा जाड, म्हणजे घडामोडींची नोंद अधिक सविस्तर. खाली पंजाल ज्वालामुखीचे, त्याही आधीच्या पर्मियन लाव्हाचे खडक. जगाची प्रमाण सीमा कोणती मानावी याची निवड चालली होती, तेव्हा गुरयूलचेही नाव पुढे होते. परंतु त्या वर्षांतल्या काश्मीरमध्ये परदेशी अभ्यासकांना जाणेच कठीण होते. २००१ मध्ये मान मेईशानला मिळाला. गुरयूलच्या परिसरात सिमेंटचे कारखाने आणि दगडांच्या खाणी आहेत. दगड फोडणाऱ्याला एक चुनखडक दुसऱ्यासारखाच दिसतो.

पंचेतच्या टेकडीवर

आता पुन्हा कोळशाकडे. राणीगंजला कोळशाचे थर एकावर एक चढत जातात, मध्ये वालुकाश्म, मध्ये ग्लॉसोप्टेरिसचे ठसे असलेला शेल. मग एका पातळीला कोळसा थांबतो. त्यावरच्या थरांना पंचेत टेकडीवरून नाव मिळाले आहे, दामोदर नदीवरचे पंचेत धरण तिच्याच जवळ आहे. खडक हिरवट आणि लालसर मातीचे. या थरांत खाणमालकांनी कोळसा शोधून पाहिला, मिळाला नाही. मिळणारही नव्हता. ग्लॉसोप्टेरिसची जंगले गेली होती, दलदली भरून काढणारे झाड उरले नव्हते. आणि हे फक्त बंगालमध्ये नव्हे. साऱ्या जगात त्यानंतर सुमारे एक कोटी वर्षे कोळसा तयार झाल्याचे दिसत नाही.

पंचेतच्या या थरांत मात्र हाडे मिळतात. डुकराएवढ्या आकाराचा, आखूड पायांचा, चोचीसारखे तोंड आणि वरच्या जबड्यात दोन सुळे असलेला प्राणी. नाव लिस्ट्रोसॉरस. सस्तन प्राण्यांच्या, म्हणजे आपल्याही, लांबच्या चुलत घराण्यातला. दक्षिण आफ्रिकेच्या कारू पठारावर त्याची हाडे ढिगांनी आहेत. भोवतालचे बहुतेक प्राणी मेले आणि हा कसा वाचला, याची उत्तरे अनेक. बिळात राहत असावा, काहीही खात असावा, लवकर वयात येत असावा.

१९६९ च्या डिसेंबरमध्ये एडविन कोलबर्ट आणि त्यांचे सहकारी अंटार्क्टिकातल्या कोलसॅक ब्लफ नावाच्या कड्यावर खोदत होते. स्कॉट यांच्या पानांची जागा तिथून फार दूर नाही. खडकातून हाडे निघाली. कोलबर्ट यांनी ती ओळखली, कारण अशीच हाडे त्यांनी आधी पाहिलेली होती. लिस्ट्रोसॉरस! सुळ्यांचा, आखूड पायांचा, समुद्र पोहून जाणे ज्याला शक्यच नव्हते असा प्राणी. वेगेनर यांचे म्हणणे अजूनही न मानणाऱ्यांनी त्यानंतर फारसा वाद घातला नाही.